फटफटीचा नालबंद

मीरासाब नालबंदांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांनी एका फटफटीचं मागचं चाक दोन्ही गुडघ्यांत धरलं होतं. नाल मारताना घोड्याचा पाय धरतात, अगदी तसं. पाठ वाकवलेली, पुढं चामड्याचा पडदा बांधलेला आणि उजव्या हाताचा अंगठा रबरावरून हळूहळू सरकत चाललेला. मंगळवार पेठेत राहायला येऊन मला थोडेच दिवस झाले होते. मास्तरकीची सगळी वर्षं गडहिंग्लज, शिरोळ अशा बदल्यांत गेली होती. पेन्शन घेऊन कोल्हापुरात आलो तर इथं चाकाला नाल मारताहेत की काय, असं वाटून मी थांबलो.

शेजारी गुंडू टांगेवाला आपल्या घोड्याची पाळी यायची वाट बघत बसला होता. तो म्हणाला, "पावणं, मागं उभं ऱ्हाऊ नगासा. लाथ घालतंय ते."

मीरासाबांनी मान वर केली नाही. "ते न्हाय घालत," ते म्हणाले. "घातलीच तर गुंडू घालंल."

तेव्हा युरोपात लढाई चालू होती. कोल्हापुरात फटफट्या फार नव्हत्या. ज्या होत्या त्या बहुतेक लढाईच्या आधी आलेल्या, साहेबलोकांनी वापरून टाकलेल्या. त्यांना लागणारी टायरं मिळणं मोठं मुश्कील झालं होतं. ज्या मापाचं टायर गाडीबरोबर आलेलं असे, त्या मापाचं पुन्हा कधी येतच नसे. मुंबईहून, पुण्याहून जे काही रेल्वेनं येईल त्यातलं कुठलं आपल्या चाकाच्या लोखंडी कडेवर बसेल, कुठलं आपल्या रस्त्यांना टिकेल, हे ठरवायला माणसं मीरासाबांकडं येत. आपल्याकडच्या बायाबापड्या टायरला टायर म्हणत नसत. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव असते, तशी ही रबराची धाव. मीरासाब मात्र टायरच म्हणत, आणि तो शब्द म्हणताना जरा थांबत, परक्याच्या घरात पाऊल टाकताना माणूस थांबतो तसं.

नालबंदाच्या हातात टायर कसं आलं, हे मला गुंडूनंच सांगितलं. मीरासाबांचे वाडवडील पागेतल्या घोड्यांना नाल मारत आले होते. स्वतः मीरासाब टांग्याच्या घोड्यांना नाल आणि बैलांच्या खुरांना लोखंडी पत्र्या मारत. एके दिवशी एक फटफटीवाला गाडी ढकलत, घामाघूम होऊन, शिव्या देत त्यांच्या दुकानापुढून चालला होता. हातात टायरातून उपसलेला खिळा होता. मीरासाबांनी तो मागून घेतला, उन्हात धरला आणि म्हणाले, "माझाच हाय. बसा. पंक्चर मीच काढून देतो." त्यांच्या खिळ्याचं डोकं चपटं असायचं, ते त्यांना ओळखू आलं. पंक्चर काढायची त्यांना काही माहिती नव्हती. त्या माणसानं सांगितलं तसं त्यांनी केलं. पुढं सवय झाली.

"म्हंजी बगा मास्तर," गुंडू म्हणायचा, "रस्त्यात खिळं ह्येंचंच, आन् पंक्चर काढायलाबी ह्येच. दोन्ही हातांत लाडू."

"तुझ्या घोड्याचं नाल तू वेळच्या वेळी बदलत न्हाईस म्हणून खिळं पडत्यात," मीरासाब सांगायचे. "लाडू तूच वाटतोस."

त्यांच्या दुकानासमोर एक दगडी कट्टा होता. सकाळी तिथं जाऊन बसायची मला सवय लागली. शाळा सुटलेल्या मास्तराला रोज कुठंतरी जाऊन बसायला हवंच असतं. मीरासाब उंच, हडकुळे, दाढी मेंदीनं रंगवलेली. बोलणं कमी. घरात बायको चाँदबी आणि लग्नाची मुलगी नजीरा. कुणी टायर निवडायला आला की ते आधी टायरं बघतच नसत. म्हणत, "जरा चालवून दाखवा." माणूस गाडीवर बसून गल्लीच्या टोकापर्यंत जाई आणि परत येई. मीरासाब मागून बघत राहत. मला वाटे, ते चाक बघतात. एकदा विचारलं तर म्हणाले, "चाक काय बघायचं? गोलच असतंय. मी कंबर बघतोय. माणूस कुठल्या बाजूला कलतोय, खड्डा आला की कुठं दुखतंय, त्ये बघतोय. घोडं घ्यायचं झालं तर आदी चालवून बघत्यातच की."

मग ते टायर हातात घेत. दुमडून बघत, दुमडलेल्या जागी चिरा दिसतात का ते पाहत. वास घेत. उन्हात पडून जुनं झालेलं पांढुरकं रबर असेल तर म्हणत, "ह्येच्या टाचा फुटल्यात." आतून बोट फिरवून कापड उसवलंय का ते बघत. आणि शेवटी टायरचा काठ. त्या वेळच्या टायरला दोन्ही बाजूंनी आत वळलेला जाड काठ असायचा, आणि चाकाच्या लोखंडी कडेला तशीच वळलेली आकडी. काठ आकडीत बसायचा आणि आतल्या ट्यूबमधली हवा त्याला तिथं दाबून धरायची. तार नाही, खिळा नाही, नुसती हवा. हे त्यांनी मला एकदा समजावून सांगितलं होतं आणि वर म्हणाले होते, "आमच्या धंद्यात असलं न्हाय चालत. खिळा मारला की मारला."

आमच्या समोरच्या घरात वसंतराव राहत. देवी टोचायच्या खात्यात नोकरी होती. अंगानं सडपातळ, चेहरा हसरा, वय तिशीच्या अलीकडं. बायको पहिल्याच बाळंतपणात गेली, मूलही गेलं. पुन्हा लग्न करायला ते तयार नव्हते. घरात फक्त आई. त्यांना सगळी पेठ माई म्हणे. एक गोरा इंजिनियर लढाईवर निघाला तेव्हा त्याची जुनी फटफटी वसंतरावांनी घेतली, कारण त्यांना सारखं गावोगाव हिंडावं लागे. हातकणंगले, गडमुडशिंगी, पलीकडची लहान गावं. घोडा ठेवायला माईंच्या परड्यात जागा नव्हती. गाडीला मागं स्प्रिंग वगैरे काही नव्हतं. दगडावरून चाक गेलं की तो दगड माणसाच्या पाठीच्या कण्यात जाऊन बसे.

मग साथीचा ताप आला. ते वर्ष इथं कुणी विसरलेलं नाही. देवी टोचणारे, कंपाउंडर, जो कोणी हातात औषधाची बाटली धरू शकेल त्याला कामाला लावलं होतं. वसंतराव फटफटीवरून दिवसभर हिंडत. संध्याकाळी घरी यायच्या आधी ते मीरासाबांच्या दारात थांबत, कारण चाँदबी आणि नजीरा दोघीही अंथरुणावर होत्या. नजीरा वाचली. चाँदबी गेली. शेवटच्या दिवसांत तिचं तोंड पुसायला, तिला पाणी पाजायला घरातली माणसंसुद्धा भीत होती. वसंतरावांनी ते केलं. मीरासाब त्याबद्दल कधी बोलले नाहीत. फक्त तेव्हापासून वसंतरावांची फटफटी दुसऱ्या कुणाच्याही आधी बघितली जाई. टांगेवाले खोळंबले तरी.

त्याच सुमाराला गडमुडशिंगीच्या वाटेवर वसंतराव पडले. बैलाच्या पत्रीचा खिळा पुढच्या चाकात गेला, गाडी आडवी झाली. हाड मोडलं नाही, पण कमरेत काहीतरी कायमचं दुखावलं. बरेच दिवस ते पालथे पडून होते. उठून पुन्हा गाडीवर बसायची भाषा करू लागले तेव्हा माई पदर खोचून मीरासाबांच्या दुकानात आल्या. मी कट्ट्यावर होतो.

"मीरासाब," माई म्हणाल्या, "ही गाडी तुम्ही मोडून टाका."

"मोडून काय हुतंय माई? ते दुसरी आणतील."

"मग ती बसण्यालायक ठेवा. चाकातलं मला काही कळत नाही. तुम्हाला कळतं. मला एवढाच आहे. तो सकाळी गेला की संध्याकाळी घरी आला पाहिजे. एवढं तुमच्याकडं सोपवते."

मीरासाबांनी हातातली कानस खाली ठेवली. "सोपवा," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं मोठं वचन निघालेलं मी पुन्हा कधी ऐकलं नाही.

वचन पाळायचा त्यांचा मार्ग नालबंदाचाच होता. म्हाताऱ्या घोड्याचे पाय दुखायला लागले की नाल आणि खूर यांच्यामध्ये ते चामड्याची गादी घालत. फटफटीला कुठली गादी घालणार? त्यांनी हवा कमी केली. टायर अंगठ्यानं दाबलं की किंचित आत जावं, इतकी. खड्डे मऊ झाले. वसंतराव म्हणाले, "चाचा, तुम्ही तर मला पालखीत बसवलंत." त्यानंतर दीड-दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. रोज संध्याकाळी फटफटीचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की माई दिव्याची वात सारखी करायला उठत. मी आमच्या ओसरीवरून ते बघत असे.

टायर शेवटी झिजलंच. मागच्या टायरचं रबर जाऊन खालचं कापड दिसू लागलं. लढाई संपली होती आणि फौजेच्या जुन्या मालाचे ढीग बाजारात आले होते. पुण्याहून एक फौजेतून सुटलेला ड्रायव्हर टायरं घेऊन स्टेशनाजवळ उतरला होता. मीरासाबांनी त्याला दुकानावरच बोलावलं. त्यानं तीन टायरं जमिनीवर मांडली. वसंतराव आले, माई आल्या, गुंडू तर होताच.

पहिलं नवं कोरं होतं. काळं, जाडजूड, वर गाठी गाठी. माईंनी लगेच त्याच्यावर हात ठेवला. "हे घ्या. नवं आहे."

"नवं हाय, पण उलाथन्यागत ताठ हाय," मीरासाब म्हणाले. "आपल्या कडंवर बसायचं न्हाय. बळंच बसवलं तर वसंतरावांची कंबर राहणार न्हाय."

दुसरं पांढुरकं, वापरलेलं. मीरासाबांनी ते दुमडलं आणि न बोलता बाजूला टाकलं. "टाचा फुटल्यात," गुंडू त्यांच्या आवाजात म्हणाला, आणि सगळे हसले. माईसुद्धा.

तिसरं फौजेतलं होतं. फार चाललेलं नव्हतं. रबर मऊ, वर उभ्या रेघा, काठ कुठं तुटलेला नाही. मीरासाबांनी त्याला सगळीकडून हात लावला. वसंतरावांना जुन्याच टायरवर गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायला सांगितलं आणि ते त्यांच्या कमरेकडं बघत राहिले. मग म्हणाले, "ह्ये."

पुण्याचा माणूस म्हणाला, "घ्या, माल चांगला आहे. पण एक ध्यानात ठेवा, ह्यात हवा दगडासारखी पाहिजे. सैल ठेवलीत तर कडेवरून उतरेल."

"आजवर आमचं न्हाय उतरलं," मीरासाब म्हणाले.

"आजवर दुसरं टायर होतं."

"पावणं फौजेतलं हायती," गुंडू म्हणाला. "त्यास्नी सगळंच दगुड लागतंय."

पण मीरासाबांनी त्या माणसाचं ऐकलं. ते टायर चढवण्याआधी त्यांनी चाकाची लोखंडी कड साफ केली. आधीच्या टायरखाली वर्षानुवर्षांचा गंज चढला होता, आकडीवर बारीक दाते आले होते. त्यांचं म्हणणं, हे दाते ह्या टायरचा काठ कापतील. नाल बसवायच्या आधी खूर तासून गुळगुळीत करायचा, हा त्यांच्या धंद्याचा पहिला धडा. तशी त्यांनी कानस घेतली आणि पूर्ण कड फिरवून फिरवून चांदीसारखी चकाकेपर्यंत तासली. मी बघत होतो. इतकं सुबक काम मी फार कमी वेळा पाहिलं आहे. मग टायर चढवलं आणि हवा भरली, अगदी पुण्याच्या माणसानं सांगितली तशी, दगडासारखी.

वसंतरावांनी काही आठवडे तसंच काढलं. मग त्यांचा चेहरा बदलायला लागला. गाडीवरून उतरले की भिंतीला हात लावून उभे राहत, आणि माई बघत नाहीत ना याची खात्री करून मगच सरळ होत. एका सकाळी ते हातकणंगल्याला निघाले होते. मीरासाबांच्या दुकानापुढं गाडी थांबवली. मी कट्ट्यावर होतो, दुसरं कुणी नव्हतं.

"चाचा, आज पाठ फार दुखते आहे. थोडी हवा काढा."

"पुण्याचा पावणा काय बोल्ला ते ऐकलासा न्हवं?"

"पुण्याच्या पावण्याची पाठ त्याच्यापाशी. पूर्वी कमीच ठेवत होता की तुम्ही. काही झालं का?"

"न्हाय झालं."

"मग?"

मीरासाबांनी चाकाकडं बघितलं, मग वसंतरावांच्या कमरेकडं. ते घोड्यांच्या बाबतीत फार हट्टी होते, मालकाचं ऐकत नसत. वसंतरावांचं मात्र ऐकलं. खाली बसून त्यांनी थोडी हवा काढली, अंगठ्यानं दाबून पाहिलं, आणखी जराशी काढली. "हळू जावा," म्हणाले. वसंतराव हसले आणि गेले.

शिरोलीच्या पुढं ओढ्यावर एक मोरी, म्हणजे बुटका दगडी पूल, आहे. तिथं रस्ता उतरतो आणि वळतो. दुपारी परत येताना त्या वळणावर मागचं टायर कडेवरून निघालं. वसंतराव मोरीच्या दगडावर डोक्यावर पडले. शेतातल्या माणसांनी त्यांना बैलगाडीत घालून आणलं. पंचगंगेच्या पुलापर्यंत श्वास चालू होता, असं ते सांगत होते. माईंच्या दारात गाडी आली तेव्हा चालू नव्हता.

त्याबद्दल जास्त लिहिणं माझ्याच्यानं होत नाही.

पेठेतले लोक आपापल्या परीनं बोलले. कुणी म्हणालं खिळा, कुणी म्हणालं कुत्रं आडवं आलं, कुणी म्हणालं प्रारब्ध. गाडी तिथंच पडून होती. ती आणायला गुंडूनं कुणाचीतरी बैलगाडी मागून घेतली. मीरासाब आणि मी बरोबर गेलो.

टायर ओघळीत पडलं होतं. मीरासाबांनी ते उचललं आणि इंच इंच बघितलं. कुठं कापलेलं नाही, कुठं भोक नाही. गुंडू वाकून धुळीत खिळा शोधत होता. "असंल हितंच," तो पुनःपुन्हा म्हणत होता. "हितंच असंल कुटं तरी." कुणाचा का असेना, खिळा सापडावा अशीच त्याची इच्छा होती. मीरासाबांनी ट्यूब ओघळीतल्या पाण्यात धरली. एक बुडबुडा आला नाही. मग ते चाकापाशी बसले आणि लोखंडी कडेवरून त्यांनी अंगठा फिरवला. पूर्ण एक फेरी.

"गुंडू, खिळा न्हाय," ते म्हणाले. "उठ."

येताना बैलगाडीत ते माझ्या शेजारी बसले होते. पूल ओलांडल्यावर म्हणाले, "मास्तर, पयलं टायर हवेनं धरलंच नव्हतं. गंजानं धरलं होतं. म्हणून सैल ठिवलं तरी चाललं. मला वाटलं, माझ्या हातानं चाललंय. आन् ती कड मी तासली. खूर समजून तासली."

मी म्हणालो, "तुम्हाला काय ठाऊक?"

"मलाच ठाऊक असायला पायजे होतं. माई माझ्याकडंच आलत्या."

तेरावा झाला. त्यानंतर एका दुपारी ते माझ्याकडं आले आणि म्हणाले, "माईंकडं जायचंय. तुम्ही संगट चला." अंगात धुतलेला सदरा होता. माई ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मीरासाब पायरीच्या खाली, अंगणातच बसले. वर या म्हटलं तरी आले नाहीत. त्यांनी सगळं सांगितलं. गंज, कानस, कड, हवा. काही वगळलं नाही आणि काही वाढवलं नाही. कुणी त्यांना विचारलेलं नव्हतं. खिळा होता, एवढं म्हणून ते गप्प राहिले असते तर सगळ्या पेठेनं मान्य केलं असतं.

माई ऐकत होत्या. शेवटी त्यांनी एकच विचारलं. "हवा त्यानं काढायला लावली, की तुम्ही काढलीत?"

मीरासाबांनी क्षणभर माझ्याकडं पाहिलं. ती नजर मला समजली. मी काही बोललो नाही.

"मी काढली," ते म्हणाले.

"त्यानं सांगितलं नव्हतं?"

"न्हाय माई. त्यास्नी ठाऊकबी नव्हतं. मीच."

माईंनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाल्या, "मी तुमच्याकडं सोपवलं होतं."

"व्हय."

"आता जा तुम्ही. पुन्हा या दारात येऊ नका."

ते उठले आणि गेले. त्यानंतर समोरच्या त्या दारापुढूनसुद्धा ते गेले नाहीत. मशिदीला जायचं तर मागच्या बोळातून, लांबचा फेरा घालून जात.

माईंनी हे कुणालाही सांगितलं नाही. मीही नाही. सांगितलं ते मीरासाबांनीच. कुणी फटफटी घेऊन आला की म्हणत, "माझ्या हातनं एक माणूस गेलंय. तुम्ही दुसरीकडं जावा." लोकांना आधी वाटलं दुःखात बोलतात. पण गाडी दारात आली की दर वेळी तेच वाक्य, तशाच आवाजात. हळूहळू गाड्या येईनाशा झाल्या. पेठेतल्या पोरांनी त्यावरून काही टवाळी केली तेव्हा गुंडू चाबूक घेऊन त्यांच्या मागं लागला होता.

घोडे येत राहिले. टांगेवाले आले, बैलवाले आले. पण हात पूर्वीचा राहिला नव्हता. नाल मारताना खिळा खुराच्या कठीण भागातूनच जावा लागतो. जरा आत वळला तर जिवंत मांसात शिरतो. मीरासाबांच्या हयातीत असं कधी झालेलं नव्हतं. आता ते खूर तासायलाच कचरत. कानस हातात घ्यायचे, एकदोनदा फिरवायचे आणि थांबायचे. कच्च्या तासलेल्या खुरावर नाल नीट बसत नाही. एके दिवशी गुंडूच्याच घोड्याच्या पायात खिळा आत गेला. घोडं लंगडायला लागलं. गुंडू एरवी किती बोलणारा माणूस. त्या दिवशी त्यानं घोड्याचा लगाम धरला, पुढं दोन पावलं गेला, परत आला आणि म्हणाला, "चाचा, कुणाचंबी हुतंय."

"व्हय," मीरासाब म्हणाले. आणि त्यांनी ऐरण आत उचलून ठेवली.

नजीराचं लग्न तोवर हातकणंगल्याला झालं होतं. ती आणि तिचा नवरा त्यांना न्यायला आले. ते नको म्हणाले नाहीत. गुंडू आपल्या टांग्यातून सोडतो म्हणाला, रस्ता काही फार लांबचा नाही. मीरासाबांनी ऐकलं नाही. ते रेल्वेनं गेले. मी स्टेशनवर पोचवायला गेलो होतो. डब्यात बसल्यावर ते म्हणाले, "रस्त्यानं जायचं म्हंजी ती मोरी." एवढंच.

माई गेल्या हिवाळ्यात वारल्या. शेवटी शेवटी मी त्यांच्याकडं रोज जाऊन बसत असे. एकदा त्यांनी विचारलं, "मास्तर, त्या दिवशी सकाळी तुम्ही कट्ट्यावर होता. वसंताची पाठ दुखत होती का?"

मी म्हणालो, "दुखत होती, माई."

"मग हवा त्यानंच मागितली असणार," त्या म्हणाल्या. "लहानपणीसुद्धा असाच. सदरा बोचतो, टोपी घट्ट होते. मला कळलं होतं हो. त्याच दिवशी कळलं होतं. पण तेव्हा मला कुणावर तरी रागवायचंच होतं, आणि मीरासाब समोर बसले होते." मग म्हणाल्या, "त्यांना सांगा. मला कळलं होतं म्हणावं."

माईंचं सगळं आटोपल्यावर मी हातकणंगल्याला गेलो. स्टेशनाच्या मागं नजीराचं घर आहे. मीरासाब अंगणात बाजेवर बसले होते. दाढीला मेंदी लावणं बंद केलेलं, त्यामुळं मी आधी ओळखलं नाही. त्यांनी मात्र माझा आवाज ऐकून लगेच जागा करून दिली. नजीरानं चहा आणला. मी माई गेल्याचं सांगितलं. त्यांनी हात वर करून दुवा मागितली. मग मी माईंचा निरोप सांगितला, त्यांच्याच शब्दांत.

चहा निवला.

"माई लई शानी बाई," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "पण मास्तर, मागितली म्हणून काय झालं? घोडं न्हाय मागत, पण मालक मागतोयच की. ज्येला दुखतंय त्यो मागणारच. न्हाय म्हणायला मी होतो."

मी म्हणालो, "चाचा, वसंतराव असते तर तुमच्यावर रागावले नसते."

"म्हणून तर त्यो राग माझा मलाच धराया लागतोय," ते म्हणाले.

पुढं आम्ही दुसरं काही बोलत बसलो. गुंडूचं, त्याच्या नव्या घोड्याचं, पेठेतल्या पाण्याचं. परतीच्या गाडीची वेळ झाली तेव्हा ते मला फाटकापर्यंत सोडायला आले.

अजून ते तिथंच असतात. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. नजीराच्या तीन शेळ्या ते सकाळी रुळांपलीकडच्या माळावर चारायला नेतात आणि ऊन तापायच्या आत परत आणतात.